चिनी काच: खरंच जुनी, की जुनी दाखवलेली? (पीकिंग ग्लासच्या फुलदाणीबद्दल मदत हवी)

शेवंती | शनिवार, रात्री १०:४२

इथे जुन्या वस्तूंत रमणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. आमच्याकडे न्यू जर्सीत एका आजींचं घर रिकामं करायचं होतं, त्या सामानाच्या सेलमधून एक काचेची फुलदाणी उचलली. उंची वीतभर. अंग दुधी पांढरं, त्यावर लाल काचेचा थर, आणि तो थर कोरून कमळं, पानं आणि दोन बगळे काढलेत. आकाराच्या मानाने चांगलीच जड आहे. तळाला चौकोनात चार चिनी अक्षरं. सेलवाल्या मुलाने 'पीकिंग ग्लास, अठरावं शतक' अशी चिठ्ठी लावली होती, पण किंमत बघता त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नसावा.

घरी नवरा म्हणतोय चेकोस्लोव्हाकियाची आहे, त्याच्या आत्याकडे अशीच लाल-पांढरी होती म्हणे.

तर प्रश्न दोन. चीनचीच आहे का? आणि किती जुनी? विकायची अजिबात नाही, फक्त उत्सुकता. फोटो टाकलेत.

टिवल्याबावल्या | शनिवार, रात्री ११:०५

अठरावं शतक म्हणजे पानिपतच्या आधीची की नंतरची, तेवढं सेलवाल्याला विचारून घ्यायचं होतं.

आजीची_बरणी | शनिवार, रात्री ११:३१

वाचतेय. फुलदाणी गोड आहे, कधीचीही असो.

भिंगवाला | रविवार, पहाटे ३:१०

शेवंतीताई, फोटो छान आलेत, पण सगळे समोरून. ही जात ओळखायची तर वस्तू उलटी करावी लागते. (मी इंग्लंडात काच आणि चिनी मातीच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे माझी नजर आधी बुडाकडे जाते.) तीन फोटो हवेत: बुडाची कडा तिरक्या उजेडात, तळाची अक्षरं अगदी जवळून, आणि लाल थर जिथे संपून पांढरं सुरू होतं ती रेघ.

तोवर अक्षरांबद्दल सांगतो. तुमच्या फोटोत पुसट दिसतंय त्यावरून ती 'च्यिएनलोंग न्येन झी' असावीत. उजवीकडच्या ओळीपासून, वरून खाली वाचायची. अर्थ, च्यिएनलोंगच्या राजवटीत बनवलेलं. राजवट १७३६ ते १७९५. हुरळून जाऊ नका. हाच शिक्का एकोणिसाव्या शतकात मारत होते, विसाव्यात मारत होते, आजही मारतात. प्रत्येक वेळी फसवायलाच असं नाही, त्या बादशहाच्या काळातल्या कामाला मान द्यायचा म्हणूनही तो कोरत. वयाच्या पुराव्यांत माझ्या लेखी शिक्का सर्वांत शेवटी येतो.

मात्र तो कोरलाय कसा, याला मोल आहे. जुनं काम चाकावर व्हायचं: बारीक लोखंडी चाक, त्याला पाण्यात कालवलेली कुरुंदाची भुकटी. चाक काचेत उतरतं आणि बाहेर निघतं, त्यामुळे प्रत्येक रेघ मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. गोल वळण चाकाला जमत नाही, म्हणून अक्षरं तुटक, कोनाकोनांची दिसतात. नव्या मालात शिक्का वाळूच्या फवाऱ्याने किंवा अ‍ॅसिडने उमटवलेला असतो. सगळ्या रेघा एकाच खोलीच्या, तळ पिठूळ पांढरा, टोकं चौकोनी. दहा पट भिंगाखाली हे लहान मुलालाही कळतं.

आणि टिवल्या, तुझा प्रश्न तू समजतोस तेवढा विनोदी नाही, त्याच्यावर नंतर येतो.

मटनगल्ली | रविवार, सकाळी ९:२०

चोरबाजारात मी पंचवीसेक वर्षं फिरतोय. लाल-पांढरी, कमळ-बगळेवाली, तळाला चौकोनी शिक्का: असा माल ढिगाने येतो. माझा अंदाज, १९८० नंतरचा. तिथले दुकानदारही आपसात 'नवा-जुना' म्हणतात, म्हणजे नवा माल, जुना भाव.

शेवंती | रविवार, संध्याकाळी ६:१५

फोटो टाकलेत. भिंग नव्हतं, फोनच्या कॅमेऱ्यावर काढले. उजेड तिरका पाडल्यावर पांढऱ्या भागावर बारीक लाटा दिसतात, त्या आधी कधीच दिसल्या नव्हत्या! बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतात. बुडाच्या कडेवर चरे आहेत, आडवे-तिडवे. अक्षरांची टोकं मला तरी निमुळती वाटताहेत, पण मी कौल देणारी कोण.

भिंगवाला | सोमवार, पहाटे २:४८

त्या लाटाच हव्या होत्या.

काम कसं होतं ते सांगितलं की लाटांचा अर्थ कळेल. आधी पांढऱ्या काचेचं भांडं फुंकून घ्यायचं, ते गरम असतानाच लाल काचेच्या रसात बुडवायचं किंवा लाल काच वर चढवायची. भांडं थंड झालं की काम काचवाल्याकडून कोरणाऱ्याकडे जातं. तो नक्षी ठेवून बाकीचा लाल थर चाकाने घासून काढतो, पार पांढऱ्यापर्यंत. वेळ जातो तो बगळा कोरण्यात नाही, दोन पानांमधली रिकामी जागा सपाट करण्यात. कितीही निगुतीने केलं तरी चाकाच्या फेऱ्यांचे उंचसखल पट्टे थोडे राहतातच. साच्यातून काढलेल्या मालाची पार्श्वभूमी सरसकट गुळगुळीत असते, आणि नक्षीच्या कडा कोरलेल्या न वाटता वितळल्यासारख्या, बोथट वाटतात. अ‍ॅसिडने थर खाऊन काढला असेल तर कडा मऊ आणि पांढरा भाग रेशमी, मंद असतो. तुमच्या फोटोत लाल पाकळीची कड पांढऱ्यात जिथे उतरते तिथे धार आहे. पानांच्या शिराही चाकाच्याच, दोन्ही टोकांना निमुळत्या.

बुडाचे चरे आडवे-तिडवे आहेत, हेही चांगलं. टेबलावर, फडताळात वर्षानुवर्षं सरकवून पडलेले चरे कुठल्याही दिशेला जातात, कमीजास्त खोल असतात आणि फक्त टेकणाऱ्या कडेवरच असतात. खोटं म्हातारपण आणायला पॉलिशपेपरवर घासतात, तेव्हा चरे एका दिशेला किंवा गोल, आणि सगळे एकाच जाडीचे.

आता नवरोबांच्या चेकोस्लोव्हाकियाबद्दल. बोहेमियाची (तो चेकोस्लोव्हाकियाचाच भाग) थर चढवलेली काच खूप होती, पण तिथे रंगाचा थर पातळ असतो आणि कापणी बहुतेक भौमितिक: खिडक्या, पैलू, वर सोनेरी रेघा. चिनी कारागीर काच जेडच्या दगडासारखी वागवतो. थर जाड ठेवतो आणि त्यातून पाकळी उचलून आणतो. खरं तर प्रभाव उलट्या दिशेनेही गेला. फ्रान्सचा एमिल गॅले १८८५ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात चिनी काच बघून आला आणि त्याच्या पुढच्या कामात ते उतरलं. म्हणून कधी कधी युरोपी वस्तू चिनी समजली जाते. तुमची मात्र चीनचीच, याबद्दल मला शंका नाही.

वयाचं अवघड आहे. कारण हे सगळं 'हाताने कोरलंय' एवढंच सांगतं. हाताने कोरणं १९३० सालीही चालू होतं.

टिवल्याबावल्या | सोमवार, सकाळी ८:०२

आणि पानिपत?

भिंगवाला | सोमवार, दुपारी १:३०

सांगतो. कांगशी बादशहाने १६९६ मध्ये बीजिंगात राजवाड्याचा स्वतःचा काचकारखाना काढला. उभारणी किलियन स्टुंफ या जर्मन जेझुइट पाद्र्याची. कारागीर आणि कच्ची काच शानतुंग प्रांतातल्या बोशानहून यायची, काही कारागीर दक्षिणेतल्या कँटनचे. बोशान म्हणजे काचेचं गाव. १९८२ मध्ये तिथे युआन-मिंग या आधीच्या राजघराण्यांच्या काळातल्या काचभट्ट्यांचे अवशेष सापडले, म्हणजे पाद्री यायच्या कितीतरी आधीपासून तिथे धंदा रुळलेला होता. 'चिन्यांना काच जेझुइटांनी शिकवली' हे वाक्य विक्रीच्या चिठ्ठ्यांवर वाचलं की म्हणून चिडचिड होते.

च्यिएनलोंगच्या काळात, १७४० नंतर, द'आंकारव्हिल आणि ब्रोसार हे दोन फ्रेंच जेझुइट कारखान्याला मिळाले आणि तिथल्या कामाचा तो सर्वांत बहराचा काळ. दोघेही १७५७-५८ च्या सुमारास वारले आणि त्यानंतर उतरती कळा लागली. पानिपत १७६१. म्हणजे राजवाड्याची उत्तम काच पानिपतच्या आधीची. त्या दर्जाची वस्तू कशी असते? भिंती जाड, काच एकजीव, रंग काठोकाठ सारखा, आणि बुडाच्या आतला कोपराही, जो कुणी बघणार नाही, तो तोंडाच्या कडेइतकाच चकचकीत घासलेला. ताईंच्या फुलदाणीचा बुडाचा आतला भाग नुसता जाडसर घासून सोडलाय. ही बाजारासाठी केलेली वस्तू, राजवाड्याची नव्हे.

रसायनी | सोमवार, रात्री ९:४४

धातू आणि काच तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी घालते.

जुन्या काचेच्या बाबतीत चीनने रसायनशास्त्राला एक भेटच दिली आहे. युद्धमान राज्यांच्या काळापासून हान काळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, बऱ्याच चिनी काचेत शिशाबरोबर बेरियम सापडतं. पश्चिमेकडच्या जुन्या काचेत ते नसतं, तिथे बेरियमची काच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेतून आली. १९३० च्या दशकात सेलिगमन आणि बेक यांनी हे दाखवलं, तेव्हा कुठे त्या काळचे नक्षीदार 'डोळ्यांचे' मणी आणि मधे भोक असलेल्या काचेच्या चकत्या चीनमध्येच ओतल्या गेल्या, हे पटलं. मण्यांवरच्या डोळ्यांची कल्पना पश्चिमेकडून आली, काच घरची.

पण तुमच्या फुलदाणीला त्याचा उपयोग नाही. चिंग काळातली (१६४४ ते १९१२, च्यिएनलोंग याच घराण्यातला) बोशानची काच मुख्यतः पोटॅश आणि चुन्याची, आणि पांढरेपणा बऱ्याचदा फ्लोराइट या खनिजाने आणलेला. हातात धरायचं एक्स-रे यंत्र (पिस्तुलासारखं दिसतं ते) फ्लोरिन, बोरॉन असली हलकी मूलद्रव्यं दाखवतच नाही. एका गोष्टीत मात्र ते हमखास कामाला येतं. लाल रंग कशाने आलाय? जुन्या लाल काचेत तांबं किंवा सोनं. कॅडमियम-सेलेनियमची झगझगीत लाल एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आली. लाल थरात ही जोडी निघाली, तर च्यिएनलोंग सोडाच, त्याचा नातूही त्यातून बाद. उलट मात्र खरं नाही. तांबं निघालं म्हणून जुनी ठरत नाही, तांब्याची लाल काच आजही करतात.

आणि बुडबुड्यांवरून वय ओळखू नका प्लीज. राजवाड्याची काच स्वच्छ असायची. 'हिमवर्षाव' म्हणतात त्या पार्श्वभूमीत पांढरे कण आणि बुडबुडे मुद्दाम ठेवलेले असतात, आणि आजचा स्वस्त माल तर बुडबुड्यांनी भरलेलाच असतो.

मटनगल्ली | मंगळवार, सकाळी १०:१२

भिंगवाले, चाकाचं पटलं. पण १९८० नंतरही चीनमध्ये चाकावर कोरणारे होते. निर्यातीच्या सरकारी कारखान्यांत बायका ओळीने बसून कोरत असतानाचे फोटो मी पाहिलेत. मग १९३० आणि १९८५ यांत फरक कसा करणार?

भिंगवाला | मंगळवार, दुपारी ४:०५

रास्त प्रश्न. नुसत्या काचेवरून, खात्रीने, नाही करता येत. घासणी बघतो: विजेच्या मोटरवर चाक एका वेगाने फिरतं, पायाने चालवलेल्या चाकाचा वेग कमीजास्त होतो आणि त्याच्या खुणा कमी नियमित पडतात. पण हा अंदाज झाला, यावर मी पैज लावणार नाही.

इथे अमेरिकेचा कायदा कामाला येतो. १८९१ पासून तिथे येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं मॅकिन्ली कायद्याने सक्तीचं झालं. नाव नाही म्हणून वस्तू १८९१ च्या आधीची असं मात्र ठरत नाही, कारण कागदी लेबलं धुतली की जातात आणि प्रवाशांनी पेटीतून आणलेल्या वस्तूंवर काहीच नसायचं. यापेक्षा दुसरी तारीख जास्त उपयोगी. डिसेंबर १९५० पासून १९७१ पर्यंत चिनी माल अमेरिकेत आणायला बंदी होती. शेवंतीताई, त्या आजींच्या घरात बाकी काय होतं? फुलदाणी १९५० च्या आधी त्या घरात होती असा एखादा जुना फोटो, विम्याची यादी, काहीही?

शेवंती | मंगळवार, रात्री ११:२०

आजींच्या मुलीला ईमेल केला होता, आज उत्तर आलं. तिच्या आजोबांनी (म्हणजे आजींच्या वडिलांनी) शांघायमध्ये एका जहाज कंपनीत नोकरी केली, १९३० च्या दशकाच्या मध्यावर घरी परतले. घरातला चिनी माल बहुतेक त्यांच्या पेट्यांतला. पण 'हीच फुलदाणी' असं ती छातीठोक सांगत नाही. सेलमध्ये त्याच टेबलावर कोरलेलं लाकूड आणि रेशमाचा एक तुकडाही होता, त्यावरही चिठ्ठी 'अठरावं शतक'.

भिंगवाला | बुधवार, पहाटे १:५५

मग माझं मत असं: बीजिंग किंवा बोशान, चिंगच्या अखेरीपासून १९३५ पर्यंत. याहून बारीक मला जाता येत नाही. जो पुढे जाऊन साल सांगेल त्याला विचारा, कशावरून.

वाईकर_मेणवली | बुधवार, सकाळी ११:००

चिनी काचेचा विषय निघालाय तर आपल्याकडच्या काचचित्रांबद्दल बोलायला हवं. काचेच्या मागच्या बाजूने उलटं रंगवायचं, म्हणजे डोळ्यातली चमक आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. पेशवाईच्या अखेरीस आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळात पश्चिम भारतात चिनी काचचित्रकार काम करत होते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली काचचित्रं वेळ काढून बघा. नऊवारीतली बाई, पण डोळ्यांची ठेवण आणि मागचं फर्निचर पार कँटनचं!

भिंगवाला, यांचं वय कसं काढतात? माझ्या परिचयातल्या एका घरात असं एक आहे.

भिंगवाला | बुधवार, संध्याकाळी ७:३७

यात गंमत अशी की काच कुठली आणि चित्र कुठलं, हे दोन वेगळे प्रश्न. अठराव्या शतकात कँटनचे चित्रकार रंगवत ती सपाट काच आणि आरसे बहुतेक युरोपातून जहाजाने आलेले असायचे. आरसा असेल तर मागचा कथिल-पाऱ्याचा लेप हव्या त्या आकारात खरवडायचा आणि मोकळ्या जागेत रंगवायचं. चित्रातल्या बाईभोवती आरशाचं आकाश उरायचं.

त्यामुळे आरशावरचं चित्र असेल तर आधी लेप बघा. कथिल-पाऱ्याच्या लेपाची नजर थोडी निळसर-करडी, आणि तो खराब होतो तेव्हा बारीक चमचमते ठिपके पडतात, खालच्या कडेला जास्त. चांदीचा लेप १८३५ नंतरचा, तो कडेने तपकिरी-काळा पडतो. दुसरं म्हणजे रंग. निळा प्रशियन ब्लू असेल तर तो १७०० नंतरच्या पहिल्या दशकापासून कधीचाही असू शकतो. कृत्रिम अल्ट्रामरीन निघाला तर चित्र १८२८ च्या आधीचं नाही. पोपटी-हिरवा एमराल्ड ग्रीन असेल तर १८१४ च्या आधीचं नाही. तो आर्सेनिकचा रंग आहे, म्हणून चौकट उघडून बोटांनी खरवडू नका. मागचा रंग सुटायला आला असेल तर चित्र आडवं, काच खाली करून ठेवा, पुसायला ओलं फडकं अजिबात नको.

मटनगल्ली | गुरुवार, सकाळी ९:५०

माझ्याकडे एक काचेची तपकिरीची कुपी आहे, आतून रंगवलेली. वर सही मा शाओश्वान आणि वर्षाचं नाव 'दिंगयो'. घेणारा एक जण म्हणतो १८९७. तो ती अमेरिकेला भावाकडे पाठवणार आहे. विकू का, आणि पाठवता येते का?

भिंगवाला | गुरुवार, दुपारी ३:१५

दिंगयो १८९७ खरं, पण दिंगयो १९५७ सुद्धा. चिनी वर्षांची नावं आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखीच साठ वर्षांनी फिरून येतात. मा शाओश्वान १९३९ मध्ये वारले, त्यामुळे खरी सही असेल तर १८९७ च. पण या माणसाच्या नावाच्या नकला अमाप आहेत, त्यांच्या हयातीपासूनच. कुपीच्या आतला पृष्ठभाग बघा. शाई धरावी म्हणून आत लोखंडाची भुकटी आणि वाळू घालून, हलवून हलवून काच खरखरीत करतात. जुन्या कामात हा धूसरपणा खांद्याच्या कोपऱ्यात थोडा कमी पोचलेला असतो. मग अक्षरं. त्यांचं हस्ताक्षर छापल्यासारखं नेटकं, नकलेत चित्र बरं जमतं आणि अक्षरं डगमगतात.

रसायनी | गुरुवार, रात्री ८:३०

पाठवण्याबद्दल सावध राहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. घेणाऱ्याचं १८९७ खरं असेल तर कुपी जाणार नाही, आणि जाणार असेल तर ती १८९७ ची नाही! पुरातत्त्व खात्याकडे दाखवून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मिळतं, ते आधी घ्या. म्हणजे भावही आपोआप ठरेल.

टिवल्याबावल्या | गुरुवार, रात्री ८:४१

एका कायद्यात वय पण ठरलं आणि किंमत पण. भिंगवाल्यांचा धंदा बसला.

शेवंती | शुक्रवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. नवऱ्याने आत्याच्या घराला फोन लावलाय, तिकडची फुलदाणी उलटी करून बघायला सांगितलीय. शेवटचा प्रश्न: हिच्यात फुलं ठेवली तर चालतील?

भिंगवाला | शनिवार, पहाटे २:२०

पाणी घालून नको. काही चिनी काचेत क्षार जास्त आणि चुना कमी असतो, अगदी सुरुवातीच्या राजवाड्याच्या काचेत तर फारच. ओल मिळाली की क्षार बाहेर येतात, काच आधी घामेजल्यासारखी चिकट होते आणि मग आत बारीक तड्यांचं जाळं पडतं. ते परत जात नाही. डिशवॉशर तर विसराच. कोमट पाण्यात पटकन धुवा, लगेच कोरडी करा. ताजी फुलं हवीच असतील तर आत मावेल अशी प्लास्टिकची नळी ठेवून पाणी त्यात घाला.